ट्राउटच्या वेट फ्लाय घरी बांधताना पंख फाकतोय, पीस तुटायलंय, तर काय करायचं

प्रश्न परभणीहून आलाय, थोडक्यात असा: मे महिन्यात मित्रांसोबत हिमाचलात तीर्थन नदीवर जायचं ठरलंय, ऑनलाइन एक स्वस्तातला फ्लाय (गळावर दोरा-पिसं बांधून केलेली नकली माशी, पाण्यात बुडणारी ती वेट फ्लाय) बांधायचा किट मागवला, व्हिडिओ बघून बुचर अन् पीटर रॉस या जातीच्या माशा बांधून बघितल्या, पण पंख एकतर पलीकडं लोळतो नाहीतर मधून फाकतो, हॅकल, म्हणजे गळाभोवती घ्यायचं पीस, गुंडाळताना तुटतं, दोरा ओला झाला की रंगच बदलतो. बाहेरचं साहित्य महाग पडतं, तर गावरान कोंबडीची, मोराची, तितराची पिसं चालतील का, आणि हे सगळं इथं मराठवाड्यात तपासून बघायची काही सोय आहे का.

दादा, सगळ्याचं उत्तर देतो, पण क्रम माझा ठेवतो, कारण तुमची निम्मी अडचण अवघड टोकाकडनं सुरुवात केल्यामुळं आलीय. बुचर, पीटर रॉस या पंखवाल्या माशा फोटोत लई देखण्या दिसतात म्हणून जो तो आधी त्यांच्याच मागं लागतो, आणि महिनाभर पंखाशी झटापट करून किट माळ्यावर टाकून देतो. तीर्थनसारख्या पळत्या पाण्यात पहिल्या खेपेला खरंच कामाला येते ती स्पायडर. एक गळ, रेशमाचा दोरा आणि एक मऊ पीस, संपलं. ती नीट जमली की दोऱ्यावरचा हात बसतो, मग पंख आपोआप नाही पण बराच सोपा जातो.

आधी ही माशी पाण्यात काय काम करते ते डोक्यात पक्कं पाहिजे. ट्राउट वर येऊन पाखरू उचलतो ते आपल्याला दिसतं म्हणून वाटतं तो वरचंच खातो, पण त्याचं बहुतेक पोट पाण्याखालीच भरतं. मेफ्लाय, कॅडिस असले किडे तळातून वर यायलेले असतात, काही येता येता बुडतात, काहींच्या माद्या अंडी घालायला परत पाण्यात शिरतात, आणि ही सगळी मंडळी अर्धमेली, पाय हलवत प्रवाहाबरोबर वाहत असतात. वेट फ्लाय ही त्या हलण्याची नक्कल आहे, हुबेहूब किडा करायचा तिचा उद्देशच नाही. म्हणून टेबलावर सुकी माशी बघून ती चांगली की वाईट हे ठरवूच नका. ग्लासभर पाणी शेजारी ठेवा, बांधली की बुडवा, चिमट्यानं धरून हलवा, मग बघा. सुकी असताना भरदार दिसणारी माशी ओली झाली की शेणाच्या गोळीसारखी बसते, अन् सुकी असताना केविलवाणी, चार तंतूंची वाटणारी पाण्यात जिवंत होते. माझं पुढचं सगळं सांगणं या ग्लासाभोवतीच फिरणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

तसा ट्राउट आपल्या देशातला नव्हेच. १९०० च्या सुमारास ब्रिटनहून अंडी आणून तो काश्मीरात वाढवला, १९०९ च्या आसपास कुल्लूकडं नेला, आणि माशाबरोबर साहेबाच्या माशा पण आल्या. आपल्या मराठवाड्यात तो जगणारच नाही, त्याला दहा ते सोळा-सतरा डिग्रीचं पाणी मानवतं, वीसच्या वर गेलं की जीव गुदमरतो, आणि आपल्या तलावांचं उन्हाळ्यातलं पाणी तुम्हाला माहितीच आहे. जायकवाडीत ट्राउट सोडता येईल का म्हणून विचारणारे मला दरवर्षी भेटतात, म्हणून हे मधीच सांगितलं.

आता दोरा. तुमच्या किटमधला दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असणार, तो वाईट नाही, पण स्पायडरचं सगळं अंगच दोऱ्याचं असतं आणि तिथं रेशमाला तोड नाही. जुने इंग्लिश लोक पिअर्सल्सचा बारीक गॉसमर रेशीम वापरायचे. आपण पैठणच्या एवढं जवळ राहून रेशमासाठी परदेशाकडं बघायचं म्हणजे कमालच झाली. पैठणी विणणाऱ्यांकडं रेशमाचे उरलेले तुकडे असतात, हात-दीड हाताचे, त्यांच्या काहीच कामाचे नाहीत, गोड बोलून मागितले तर देतात. तो धागा जसाच्या तसा घेऊ नका, जाड पडतो, पीळ उलटा फिरवून उकला आणि त्यातली एकच लड घ्या. उकललेली लड फिसकटते, बोटाच्या खरबरीत कातड्याला अडकते, म्हणून तिला मेण लावल्याशिवाय हात लावायचा नाही.

मेण म्हणजे मेणबत्तीचं नव्हे. मधमाशीचं मेण आणि राळ. राळ पूजेच्या सामानाच्या किंवा जडीबुटीच्या दुकानात मिळते. राळ जास्त अन् मेण कमी, वर दोन-चार थेंब एरंडेल, हे एका डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा, थेट गॅसवर नको, राळ भसकन पेट घेते. वितळलं की गार पाण्यात ओता आणि हातानं ओढून गोळी करा. आपल्या उन्हाळ्यात ही गोळी पाघळते आणि थंडीत खडा होते, त्यामुळं एप्रिल-मेसाठी राळ वाढवा, डिसेंबरसाठी तेल उलसं वाढवा. मेणाचे फायदे तीन: दोरा गळावर घसरत नाही, लोकर-केस त्याला चिकटतात, आणि रंग बदलतो. तुम्ही ज्याला अडचण म्हणायलात तो रंगबदल जुन्या लोकांनी मुद्दाम वापरलाय. ग्रीनवेल्स ग्लोरी नावाची माशी आहे, १८५४ साली स्कॉटलंडच्या सीमेवर ट्वीड नदीकाठी जेम्स राइट नावाच्या कारागिरानं डरहॅमच्या पाद्री ग्रीनवेलसाठी बांधली. तिचं अंग पिवळ्या रेशमाचं, पण चांभाराच्या काळपट मेणातून ओढलेलं, म्हणजे ते पिवळं राहतच नाही, शेवाळी होतं, आणि तोच शेवाळी रंग ऑलिव्ह जातीच्या मेफ्लायचा आहे. केशरी रेशीम ओलं झालं की तपकिरीकडं झुकतं, जांभळं जवळजवळ काळं पडतं. तेव्हा दोरा दुकानात निवडताना थुंकी लावून बघा, दुकानदार काहीही म्हणो. रंग फार बदलू द्यायचा नसेल तर खाली आधी पांढऱ्या दोऱ्याचा एक पातळ थर द्या, गळाचं काळं लोखंड आतून दिसतं ते थांबतं.

पिसांचं आता. इंग्लंडात स्पायडरला तितराचं पीस लागतं, पार्ट्रिज अँड ऑरेंज ही त्यातली सगळ्यात नावाजलेली. पण आपल्याकडं तितर, लावा, पाणकोंबडी, रानबदक, साळुंकी हे सगळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतं. मारायचं नाही, कुणी मारून आणलं तर विकत घ्यायचं नाही, शेतात शिकाऱ्यानं दिलं म्हणून ठेवायचं पण नाही. मोराचं वेगळं आहे, आपोआप गळालेली पिसं देशात ठेवायला-विकायला कायद्यात मोकळीक आहे, देशाबाहेर पाठवायला नाही, त्यामुळं एखाद्या परदेशी मित्राला माशा भेट देणार असाल तर मोराचं पीस असलेली माशी त्यात घालू नका. आणि नायगावच्या मयूर अभयारण्यात फिरायला गेलात तर तिथनं काहीच उचलून आणू नका, अभयारण्याचे नियम निराळे, गळालेलं असलं तरी. मोरपीस जत्रेत, पूजेच्या दुकानात दहा ठिकाणी मिळतं, एक घेतलं तर कितीतरी माशांना पुरतं, आपल्याला त्यातले डोळ्याखालचे हिरवट तंतूच लागतात.

राहिली गावरान कोंबडी, आणि तिच्याबद्दल मी भरभरून बोलणार. तितराची बरोबरी करणारं पीस आपल्या प्रत्येक गावात उकिरड्यावर फिरतंय. पण कोंबडीच पाहिजे, कोंबडा नको, इथंच बहुतेक लोक फसतात. कोंबड्याच्या मानेचं पीस चकचकीत, निब्बर, पाण्यात ताठ उभं राहतं, ते तरंगणाऱ्या ड्राय फ्लायसाठी. वेट फ्लायला कोंबडीच्या मानेचं, पाठीचं, खांद्याचं मऊ पीस. तपकिरी अंगावर काळे ठिपके-रेघा असलेली कोंबडी मिळाली तर तिची पाठ म्हणजे आपला तितर. कडकनाथ आता आपल्याकडं बक्कळ ठिकाणी पाळतात, त्याच्या मादीच्या मानेची बारीक काळी पिसं काळ्या स्पायडरला एक नंबर. गिनी फाऊल पाळणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याची ठिपक्याची पिसं मागून ठेवा, निळी रंगवली की इन्व्हिक्टासारख्या माशीच्या गळ्याशी लागणाऱ्या, 'जे' नावाच्या पक्ष्याच्या निळ्या पिसाऐवजी चालतात, बाहेरचे लोक पण तेच करतात. पाळीव बदक असेल तर त्याच्या पंखाची राखाडी पिसं जपून ठेवा, डावा पंख वेगळ्या पाकिटात, उजवा वेगळ्या पाकिटात, का ते पुढं येतंय. ब्रॉयलरची पिसं मात्र सोडून द्या, त्या कोंबडीला पिसं नीट वाढायला वेळच मिळत नाही, दांडी मऊ अन् तंतू कापसासारखे.

चिकनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की गरम पाण्यात बुडवायच्या आधी मान अन् पाठ कोरडीच सोलून दे. मग कोमट पाण्यात केसांचा शाम्पू घालून धुवा, दोनदा-तीनदा, मागचा तेलकटपणा गेला पाहिजे, सावलीत कागदावर वाळवा, उन्हात टाकाल तर पिसं करकरीत होऊन मोडतील. तुमचं पीस गुंडाळताना तुटतं त्याचं एक कारण हेच असणार, किटमधलं पीस जुनं अन् वाळून गेलेलं. चहाच्या किटलीच्या वाफेवर दहा-पंधरा सेकंद धरून बघा, दांडीत पुन्हा लवचिकपणा येतो. वाळल्यावर झिपच्या पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये, मग बाहेर काढून दोन दिवस, परत फ्रीजरमध्ये. कसर आणि पिसवांची अंडी त्यानं मरतात. घरात फ्रीजरमध्ये कोंबडीची पिसं ठेवायची म्हणल्यावर काय ऐकावं लागतं ते तुमचं तुम्ही बघा, माझी पिशवी डब्यात असते आणि डब्यावर वर्तमानपत्र गुंडाळलेलं असतं.

रंगवायचं असेल तर लोकरीचा रंग आणि व्हिनेगर, पाणी उकळी येऊ न देता. सुती कपड्याचा रंग पिसावर धड बसत नाही. हळदीनं पिवळं सुंदर येतं पण उन्हात उडून जातं आणि साबण लागला की तांबडं होतं, तर तेवढ्यापुरतं चालवा.

आता स्पायडर बांधू. चौदा नंबरचा गळ (नंबर जेवढा मोठा तेवढा गळ लहान), जाड तारेचा, वेट फ्लायचा, डोळा, म्हणजे दोरी ओवायचं भोक, खाली वळलेला. ड्राय फ्लायचा बारीक तारेचा घेऊ नका, माशी बुडायला गळाचंच वजन आहे, बाकी काही वजन आपण घालत नाही. बार्ब, म्हणजे टोकामागचा उलटा काटा, पक्कडीनं आधीच दाबून टाका, बांधून झाल्यावर दाबताना गळ मोडला तर सगळी मेहनत वाया. वाइसमध्ये, म्हणजे गळ धरायच्या शिकंज्यात, घट्ट धरा, किटमधला वाइस गळ घसरू देत असेल तर सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात हातात धरायचा छोटा वाइस मिळतो, तो टेबलाच्या कडेला शिकंजानं आवळला की झालं. पंखा बंद करा. कूलर तर बंदच करा. मराठवाड्यात मे महिन्यात हे सांगणं म्हणजे छळ आहे मला कळतं, पण एक झुळूक आली की अर्ध्या तासाची निवडलेली पिसं पलंगाखाली जातात, त्यामुळं माझं सगळं बांधकाम पहाटे.

डोळ्याच्या मागं दीड-दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडायची अन् तिथनं दोरा सुरू करायचा. एकाला एक लागून वेटोळे, वर चढायचे नाहीत, गळाच्या टोकाच्या बरोबर वरपर्यंत किंवा उलसं मागं, आणि तिथंच थांबायचं. सगळ्यांना वाटतं अंग गळाच्या वाकापर्यंत न्यावं, नका नेऊ, स्पायडरचं अंग आखूड असतं. तिथनं परत पुढं या. झालं अंग, दोऱ्याचे दोन थर, बास. जाड झालं असं वाटलं तर जाडच झालंय, सोडा अन् परत करा.

पिसाची निवड: एक तंतू गळाजवळ धरून बघा, तो डोळ्यापासून निघून वाकाच्या किंचित पुढं जायला पाहिजे, जास्त नको. दांडीच्या बुडाचा कापूस तोडून टाका. पीस टोकाकडनं बांधायचं, कारण टोकाची दांडी बारीक असते आणि वळताना गाठ येत नाही, पण टोक नाजूक असतं म्हणून हॅकल प्लायरनं, म्हणजे पीस धरायच्या स्प्रिंगच्या चिमट्यानं, हिसका द्यायचा नाही. तुमचं पीस इथंच तुटतंय. प्लायर दांडीच्या जाड बाजूला लावा, ओढ एवढीच की दांडी सरळ राहावी. प्लायर नसेल किंवा त्याचा स्प्रिंग लई कडक असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टेस्ट क्लिप मिळते, छोट्या हुकाची, तिची पकड हलकी असते, माझ्याकडं तीच आहे. पिसाची खोलगट बाजू मागं, वाकाकडं. आता दीड वेढा. जास्तीत जास्त दोन. हात थांबत नाही, पीस शिल्लक दिसतं, अजून एक मारावासा वाटतो, आणि तिसऱ्या वेढ्याला माशी मेली. ग्लासात बुडवून बघा तीन वेढ्याची आणि दीड वेढ्याची शेजारी शेजारी, तुम्हीच सांगाल. दीडवाली उघडते, मिटते, प्रत्येक तंतू वेगळा हलतो, तीनवाली नुसता बुरखा.

दांडी दोऱ्याखाली घ्या, तीन वेढे, उरलेलं कापा, डोळ्याशी व्हिप फिनिश, म्हणजे दोरा स्वतःवरच गुंडाळून बंद करायची गाठ, डोकं मोहरीपेक्षा लहान. वर एक थेंब वार्निश, नसेल तर बिनरंगाचं नेलपॉलिश, सुईच्या टोकानं. फेविक्विक वापरू नका, ते तंतूंमध्ये चढतं, तंतू काडीसारखे होतात आणि मऊ पिसाचा सगळा अर्थच जातो.

विल्यम स्टुअर्ट नावाचा स्कॉटिश वकील होता, त्यानं १८५७ साली असल्याच मऊ पिसाच्या माशांवर लिहिलं आणि त्या वरच्या दिशेनं, प्रवाहाच्या तोंडाकडं फेकायला लोकांना लावलं. त्याच्या स्पायडरमध्ये पीस दोऱ्याभोवती पिळून मग अंगाच्या पुढच्या निम्म्या भागावर गुंडाळतात, त्यामुळं पीस मजबूत होतं, ट्राउटच्या दातांनी लगेच तुटत नाही. पीस वारंवार तुटणाऱ्यांनी ही पद्धत करून बघावी, काळ्या कडकनाथच्या पिसानं अन् तपकिरी दोऱ्यानं त्याची ब्लॅक स्पायडर झकास होते.

डझनभर स्पायडर बांधून झाल्या की पंखाला हात घाला. पीटर रॉसच बांधायची असेल तर क्रम असा: शेपटीला गोल्डन फेझंट पक्ष्याच्या टिपेटचे, म्हणजे मानेच्या पिसाचे, चार-पाच तंतू, मागचं निम्मं अंग चपट्या चंदेरी पट्टीचं, पुढचं निम्मं तांबड्या रंगवलेल्या सीलच्या केसांचं, त्यावर चंदेरी तारेचे चार-पाच वेढे, गळ्याशी काळं हॅकल, आणि सगळ्यात शेवटी बार्ड टीलचा, म्हणजे टील बदकाच्या रेघांच्या पिसाचा, पंख. टिपेट अन् टीलसारखं रेघांचं पीस विकतच घ्या, एक छोटं पाकीट पुष्कळ चालतं. सील प्राण्याच्या केसांच्या भानगडीत पडू नका, आपल्या मेंढीची जाडी लोकर, घोंगडी विणणाऱ्यांकडची, बारीक कातरून रंगवली की तशीच काटेरी दिसते आणि उजेड धरते. चंदेरीऐवजी तांब्याची तार पण चालते, तिच्यासाठी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं जा, आपल्याकडं जळालेल्या मोटारींना काय तोटा. पण पाणबुडी मोटारीची तार जाड असते, त्याला छोट्या ट्रान्सफॉर्मरची केसासारखी तार मागा. जर पण चालते, पैठणीची जर गोल अन् मऊ असते, ती रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली असल्यामुळं टोक कापताच उकलते, म्हणून कापायच्या आधी टोकाला नेलपॉलिशचा थेंब. खरी चांदीची असेल तर काळी पडते, प्लॅस्टिकची पडत नाही.

तुमचा पंख पलीकडं लोळतो याचं कारण दोऱ्याची ओढ. दोरा आपल्याकडनं वर जाऊन पलीकडं उतरतो, आणि उतरताना पंखाला सोबत घेऊन जातो. उपाय चिमूट. डाव्या हाताच्या अंगठ्यात अन् बोटात पंख गळाच्या वर अगदी घट्ट धरा, बोटांची टोकं गळाच्या दोन्ही बाजूंना टेकलेली पाहिजेत. दोरा अंगठ्याच्या फटीतनं वर न्या, वर एक सैल फास सोडा, पलीकडच्या बोटाच्या फटीतनं खाली आणा. अजून ओढायचं नाही. आता सरळ खाली ओढा, बाजूला नाही, आणि ओढताना चिमूट अजून आवळा. तंतू एकावर एक दबून बसतात. चिमूट न सोडता अजून दोन वेढे. सोडून बघायची लई घाई होते, तिसऱ्या वेढ्याआधी सोडलं की गेलं.

फाकतो त्याची कारणं दुसरी. एक, पंखाची पट्टी रुंद घेताय, बारा नंबरच्या गळाला तीन-चार मिलिमीटर पुरे. दोन, पीस वाळलेलं, वाफ द्या. तीन, अंग डोळ्यापर्यंत आणलंय, त्यामुळं पंख बसायला सपाट जागाच नाही, उतारावर बांधल्यावर तो वर उभा राहतो अन् उघडतो. अंग डोळ्याच्या दोन मिलिमीटर मागं थांबवा आणि तिथं दोऱ्याची सपाट गादी करा. राखाडी बदकाच्या किंवा तसल्याच पंखाच्या पिसातनं दोन पट्ट्या घ्यायच्या असतील तर एक डाव्या पंखातली, एक उजव्या पंखातली, तेवढ्याच लांबीची, खोलगट बाजू आतून एकमेकांना टेकवून. दोन्ही एकाच बाजूच्या घेतल्या की वाक एकाच दिशेला जातो आणि माशी पाण्यात गोल फिरते, दोरीला पीळ पडतो. म्हणून ती दोन पाकिटं. पंखाची लांबी वाकापर्यंत, आडवा, अंगावर झुकलेला. तुमची बुचर बघायला फोटो नव्हता, पण तिचा निळसर-काळा पंख म्हणजे मॅलार्ड बदकाच्या पंखावरचा चमकदार भाग, आपल्याकडं त्याऐवजी कडकनाथच्या पंखाची काळी पट्टी लावा, ट्राउट हिशोब विचारत नाही. ही माशी इंग्लंडातल्या टनब्रिज वेल्सच्या मून नावाच्या खाटकाच्या नावावर चालते, आणि अंग चंदेरी असल्यामुळं ती किड्यापेक्षा लहान माशाच्या पिलासारखीच जास्त दिसते, गढूळसर पाण्यात म्हणून चालते.

इथं तपासायचं कसं. ग्लास झालाच. त्यानंतर शेततळं. कागद घातलेल्या शेततळ्यात पाणी स्वच्छ असेल तर दोन-तीन फुटांवर माशी कशी बुडते, सरळ बुडते की आडवी पडते, ओढल्यावर पिसं मिटतात का, थांबल्यावर उघडतात का, हे नदीपेक्षा चांगलं दिसतं. शेततळ्यात चिलापी असेल तर सोन्याहून पिवळं, चिलापी बारीक वेट फ्लायला बरोबर येते आणि चावा कसा जाणवतो त्याचा सराव होतो. मालकाला विचारून जा, आणि गावच्या तलावावर जायचं तर तिथला मासेमारीचा ठेका कुणाकडं आहे ते आधी विचारा, ठेकेदाराची परवानगी नसताना दोरी टाकली तर वाद तुमच्याच अंगावर येतो. एक कळकळीचं सांगणं, शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ असतं, पाय घसरला की वर चढताच येत नाही, पोहता येणारे पण बुडालेत. एकटे जाऊ नका, काठाला दोर बांधून ठेवा, माशी अडकली तर तोडून टाका.

मेच्या प्रवासासाठी किती जातीच्या माशा घेऊ म्हणून विचारलंय. पाच-सहा. पार्ट्रिज अँड ऑरेंज गावरान पिसाची, ब्लॅक स्पायडर, ग्रीनवेल, एक मोरपिसाच्या अंगाची तपकिरी हॅकलवाली, आणि एक चंदेरी, म्हणजे बुचर नाहीतर पीटर रॉस. बारा ते सोळा नंबर, पण चौदा जास्त. मेमध्ये वरचा बर्फ वितळायला लागतो, दुपारनंतर पाणी चढलं, पांढुरकं झालं तर दहा-बारा नंबरची चंदेरी काढा, सकाळच्या स्वच्छ पाण्यात बारीक स्पायडर. एकाच लीडरवर, म्हणजे दोरीच्या टोकाच्या बारीक भागावर, दोन माशा पुरे, तिसरी लावली की पहिल्याच दिवशी निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जाईल. चंदेरी टोकाला, स्पायडर वर हातभर अंतरावर, लीडरला बाजूला बांधलेल्या आखूड चार-पाच इंचाच्या तुकड्यावर. आडवी फेका, थोडी खाली, प्रवाहाबरोबर जाऊ द्या, दोरी पुढं पळत असेल तर उचलून वरच्या बाजूला टाका, आणि फेरीच्या शेवटी माशी दोरीच्या खाली सरळ झाली की लगेच ओढून घेऊ नका, तिथं क्षणभर थांबा, बहुतेक चावे तिथंच येतात कारण माशी तळातून वर उठते.

हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, मे चालू आहे, पण मत्स्य विभागाचं लायसन्स काढल्याशिवाय दोरी ओली करू नका, तुमच्या होमस्टेवाल्याला आधीच फोन करून ते कुठं मिळतं ते विचारून ठेवा. आणि तुमच्या पुढच्या बांधलेल्या माशांचे फोटो पाठवणार असाल तर ग्लासातले ओले पाठवा, सुके पाठवू नका, सुक्यावरनं मला काही सांगता येणार नाही.